अंधारात हात दिसत नाहीत

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, एवढं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. शाळेत न सांगितलेली गोष्ट मला इंजिनिअरिंग संपल्यावर कळली. भास्कराचार्यांनी शके ११०५ मध्ये, म्हणजे ११८३ साली, 'करणकुतूहल' हा ग्रंथ लिहिला. त्यात पृथ्वीच्या मध्यरेषेवरच्या ठिकाणांची यादी आहे. लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या या रेषेवर कांची आहे, उज्जयिनी आहे, कुरुक्षेत्र आहे आणि वत्सगुल्मही आहे. आज जगाची घड्याळं ग्रिनिचवरून लावतात, तशी त्या काळची ग्रहगणितं या रेषेवरून सुरू व्हायची. वाशिम शहरातल्या मध्यमेश्वराच्या देवळाशी लोक अजूनही ही रेषा जोडतात.

मोबाइलवर नकाशा उघडून बघितलं तर उज्जैन आणि वाशिम यांच्या रेखांशात सुमारे १.३ अंशाचा फरक निघतो. म्हणजे उज्जैनपेक्षा वाशिममध्ये सूर्य साधारण साडेपाच मिनिटं आधी डोक्यावर येतो. आठशे वर्षांपूर्वी, उपग्रह नसताना, एवढीच तफावत. ती माणसं रेखांश कसा काढायची? दोन गावांतून एकच चंद्रग्रहण बघायचं, ते दोन्हीकडे स्थानिक वेळेनुसार कधी लागलं ते टिपायचं आणि वेळेतला फरक काढायचा. लागणारं साहित्य: डोळे, वेळ मोजायचं काहीतरी साधन आणि लिहून ठेवायची सोय.

या यादीत कान कुठेच नाहीत.

तरीही आपल्याकडचं आकाशदर्शन कानांवर चालतं. महाराष्ट्रात हौशी खगोलप्रेमींची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली सुरू झाली, आणि आता जवळपास प्रत्येक जिल्ह्यात कुणी ना कुणी दुर्बीण घेऊन शाळांमध्ये जात असतं. कार्यक्रमाचा साचा ठरलेला. अमावस्येच्या आसपासची रात्र, गावाबाहेरचं मैदान, सगळे दिवे बंद, सतरंज्यांवर उताणी झोपलेली मुलं, हिरवा लेझर आणि अंधारातून येणारा एक आवाज. 'ही बघा शर्मिष्ठा, इंग्रजी एम अक्षरासारखी.' आकाश दिसतं, पण कळतं ते त्या आवाजामुळे.

माझा एक मावसभाऊ जन्मापासून बहिरा आहे. मंगरूळपीर तालुक्यातल्या त्याच्या गावात अजून बऱ्यापैकी अंधार असतो आणि उन्हाळ्यात घरातले सगळे स्लॅबवर झोपतात, त्यामुळे तारे त्याला नवीन नाहीत. एका आकाशदर्शनाला तो माझ्याबरोबर आला होता. दोन तास तो हिरव्या रेघेकडे बघत होता. परत येताना त्याने मोबाइलवर एकच ओळ टाइप करून दाखवली: 'ते लोक मध्येच कशाला हसले?'

त्या प्रश्नानंतर मी कर्णबधिर खगोलशास्त्रज्ञांबद्दल वाचायला लागलो. त्यांची एक यादी व्हॉट्सअॅपवर फिरत असते, खाली 'इच्छा तिथे मार्ग' असं लिहिलेलं. यादीतली नावं खरी आहेत. माझा प्रश्न एवढाच होता की या माणसांना आकाश कुणी सांगितलं, आणि कोणत्या भाषेत. उत्तरं शोधताना लक्षात आलं की त्यांचे तारे वाशिमच्या आकाशात वर्षभर पाळीपाळीने येतात. म्हणून ही गोष्ट महिन्यांच्या क्रमाने सांगतो. महाराष्ट्रातल्या आकाशाचं वर्ष तसंही गुढीपाडव्याला सुरू होत नाही. पाऊस गेला की ते सुरू होतं.

कार्तिक: ययाती

दिवाळीनंतर रात्री नऊ-दहा वाजता उत्तरेकडे तोंड करून वर बघा. महाभारतातलं एक अख्खं कुटुंब तिथे मांडलेलं आहे: ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आणि शर्मिष्ठेचा बाप वृषपर्वा. ग्रीकांनी तिथे पर्सियस, अँड्रोमेडा, कॅसिओपिया आणि सीफियस बसवले होते. ते कुटुंबही आपल्या कुटुंबाइतकंच भानगडीचं.

ययातीत अल्गोल नावाचा तारा आहे. अरबीत त्याचा अर्थ राक्षसाशी जोडलेला. १६६७ च्या सुमारास इटलीतल्या जेमिनियानो मोंतानारी यांना तो कधीकधी मंद होतो असं दिसलं होतं, पण तो किती दिवसांनी मंद होतो, याचा हिशेब कुणी लावला नव्हता.

तो लावला जॉन गुडरिक या मुलाने. १७६४ साली हॉलंडमधल्या ग्रोनिंगन शहरात त्याचा जन्म झाला, बाप इंग्रज, आई डच. लहानपणीच्या आजारपणात त्याचं ऐकणं गेलं. घरी पैसा होता, म्हणून त्याला एडिंबरोला थॉमस ब्रेडवुड यांच्या शाळेत घातलं. १७६० साली सुरू झालेली ही ब्रिटनमधली कर्णबधिरांची पहिली शाळा. तिथे बोलणं, लिहिणं आणि हाताच्या खुणा हे सगळं एकत्र वापरलं जाई. फी मात्र जबर, आणि शिकवायची पद्धत ब्रेडवुड कुटुंबाने जवळजवळ धंद्याच्या गुपितासारखी जपलेली. तिथून गुडरिक वॉरिंग्टनला गेला, ऐकू येणाऱ्या मुलांबरोबर शिकला आणि गणितात पुढे आला.

१७८१ मध्ये तो यॉर्कला आई-वडिलांकडे परतला. जवळच एडवर्ड पिगट राहत होता. वडील खगोलशास्त्रज्ञ, घरची वेधशाळा, स्वतःही तयारीचा निरीक्षक. वयाने तो गुडरिकपेक्षा बराच मोठा होता. रूप बदलणाऱ्या ताऱ्यांकडे गुडरिकचं लक्ष पिगटमुळे वळलं. दोघांनी आकाश वाटून घेतलं, रात्रीची निरीक्षणं एकमेकांना दाखवली आणि पत्रांतून, चिठ्ठ्यांतून तुलना केली.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री गुडरिकला अल्गोल मंद दिसला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आधी त्याचा स्वतःवर विश्वासच बसेना. मग तो रोज बघत राहिला. तशी मंद अवस्था पुन्हा सापडली ती २८ डिसेंबरला. मधल्या काळातली ग्रहणं दिवसा तरी झाली असतील किंवा यॉर्कच्या ढगांत गेली असतील.

पुढचं काम माझ्या धंद्यातल्या माणसाला ओळखीचं वाटेल. गुडरिकची नोंदवही म्हणजे तारीख-वेळेसकट ठेवलेला लॉग. तारा शेजारच्या कोणत्या ताऱ्यापेक्षा तेजस्वी आहे आणि कोणत्यापेक्षा मंद, एवढंच तो लिहायचा. एका ग्रहणाची वेळ पाच-दहा मिनिटांनी चुकू शकते. पण दोन लांबची ग्रहणं घेतली आणि मधल्या फेऱ्यांच्या संख्येने भागलं, की ती चूकही वाटली जाते. मे १७८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचं टिपण वाचलं गेलं. त्याचं उत्तर होतं २ दिवस, २० तास, ४५ मिनिटं. आजचं मोजमाप सांगतं २ दिवस, २० तास, ४९ मिनिटं.

कारणही त्याने सुचवलं. अल्गोलभोवती एखादी मोठी वस्तू फिरत असावी आणि ती मध्ये येत असावी, किंवा ताऱ्यावरच डाग असावेत. १८८९ मध्ये पॉट्सडॅमच्या हेर्मान फोगेल यांनी वर्णपटावरून पहिली कल्पना खरी ठरवली. अल्गोलला जोडीदार आहे आणि ते एकमेकांना ग्रहण लावतात.

१७८३ चं कोपली पदक गुडरिकला मिळालं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. १६ एप्रिल १७८६ ला तो रॉयल सोसायटीचा फेलो निवडला गेला आणि २० एप्रिलला वारला. वय एकवीस. यॉर्क विद्यापीठात आज त्याच्या नावाचं कॉलेज आहे.

व्हॉट्सअॅपवरच्या यादीत गुडरिकच्या नावापुढे 'बहिरेपणावर मात' असं असतं. त्याच्या आयुष्याकडे नीट बघितलं तर मात करण्यासारखं जे होतं, त्याची सोय आधीच झालेली दिसते: लहान वयात मिळालेली भाषा, ती शिकवणारी शाळा, शाळेची फी भरणारं घर, आणि चार पावलांवर राहणारा एक मित्र, ज्याला त्याच्याशी लिहून बोलायचा कंटाळा नव्हता. यातलं एक वजा करून पाहा.

मार्गशीर्ष: वृषपर्वा

ययातीच्या सासऱ्याकडे वळू. वृषपर्वात डेल्टा सेफी नावाचा एक साधासा तारा आहे. वाशिमहून तो उत्तरेला मध्यम उंचीवर दिसतो. ऑक्टोबर १७८४ मध्ये गुडरिकनेच त्याचं रूप बदलणं टिपलं. हा तारा साधारण ५ दिवस ९ तासांत एक फेरी पूर्ण करतो: झपाट्याने उजळतो, सावकाश मंदावतो. इथे ग्रहण नाही. तारा स्वतःच फुगतो आणि आक्रसतो. अशा सगळ्या ताऱ्यांना या एकावरून 'सेफीड' नाव पडलं.

सव्वाशे वर्षांनी सेफीडांचा खरा उपयोग हेन्रिएटा लेविट या बाईंना सापडला. १८६८ साली जन्मलेल्या लेविट अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत 'कॉम्प्युटर' होत्या. तेव्हा हा शब्द माणसांसाठी, बहुतेक वेळा बायकांसाठी, वापरत. दुर्बिणीवर पुरुष बसायचे आणि त्यांनी काढलेल्या काचेच्या फोटोपट्ट्या बायका तासाला २५-३० सेंट घेऊन मोजायच्या. आजारपणात लेविट यांचं ऐकणं हळूहळू जवळपास पूर्ण गेलं.

त्यांच्यासमोर पेरूमधून काढलेले मॅगेलनच्या मेघांचे फोटो होते. त्यांत त्यांनी १,७७७ रूपविकारी तारे शोधले आणि १९०८ मध्ये छापले. १९१२ मध्ये लहान मेघातल्या २५ सेफीडांवरून त्यांनी नियम मांडला: ज्याची फेरी लांब, तो मुळात जास्त तेजस्वी. युक्ती अशी की मेघातले सगळे तारे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर आहेत. डोंगरावरून लांबच्या गावातले दिवे बघताना जो मोठा दिसतो तो खरंच मोठा असतो, तसंच हे. मग कुठल्याही सेफीडची फेरी मोजा, त्याचं खरं तेज काढा, दिसणाऱ्या तेजाशी ताडून बघा आणि अंतर मिळवा.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीतल्या धूसर डागात असाच एक सेफीड सापडला. त्यावरून कळलं की तो डाग आपल्या आकाशगंगेतला नाही, ती एक स्वतंत्र दीर्घिका आहे. विश्व एका फटक्यात मोठं झालं. त्या धाग्याचं एक टोक वृषपर्वात आहे, दुसरं देवयानीत, आणि दोन्ही टोकं बहिऱ्या माणसांच्या हातून गेली आहेत. १९२५ मध्ये स्वीडनच्या एका गणितज्ञाने नोबेलसाठी नाव सुचवायच्या विचाराने लेविट यांना पत्र पाठवलं. त्या १९२१ मध्येच वारल्या होत्या.

देवयानीतला तो डाग मार्गशीर्षातल्या अमावस्येला मंगरूळपीरच्या स्लॅबवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. लेविट यांचा लहान मेघ मात्र वाशिमहून कधीच दिसत नाही. तो इतका दक्षिणेला आहे की आपल्या क्षितिजावर येतच नाही.

पौष-माघ: मृग

थंडीत मृग डोक्यावर येतो आणि व्याध त्याच्या मागे लागतो. या आकाशाचं व्याकरण अॅनी जंप कॅनन यांनी लिहिलं. त्याही हार्वर्डच्याच, लेविट यांच्या सहकारी. तरुणपणीच त्यांना ऐकू येणं खूप कमी झालं होतं. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून गेला की पट्टा पडतो आणि त्यात काळ्या रेषा दिसतात. त्या रेषांवरून कॅनन यांनी तारे लावले: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. आधीची वर्णमाला मोडून तयार झालेला हा विचित्र क्रम नंतर तापमानाचा निघाला, सर्वांत तापलेल्यापासून सर्वांत थंडपर्यंत. १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने तो स्वीकारला आणि आजही तोच चालतो. कॅनन यांनी आयुष्यात सुमारे साडेतीन लाख तारे असे लावले. भरात असल्या की मिनिटाला तीन.

ही सातही अक्षरं थंडीतल्या एका रात्री नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात. मृगाच्या पोटातल्या बाणाचा पूर्वेकडचा तारा ओ. राजन्य बी. व्याध ए. प्रश्वा एफ. ब्रह्महृदय जी, आपल्या सूर्याच्या जातीचा. रोहिणी के. काक्षी एम. निळसर पांढऱ्यापासून तांबड्यापर्यंत रंग बदलत जातो तो डोळ्यांना कळतो. हा धडा एक अक्षरही न बोलता शिकवता येईल. आधी उजेडात सात रंगांचा तक्ता दाखवायचा, मग बाहेर न्यायचं.

पण लेविट आणि कॅनन यांच्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. दोघींचं ऐकणं गेलं ते भाषा आल्यानंतर, शिक्षण झाल्यानंतर. वाचणं, लिहिणं, बोलणं त्यांच्या हातात आधीच होतं. जन्मतः किंवा बोलायला लागण्याआधी बहिऱ्या झालेल्या मुलाची अडचण वेगळी असते. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मतात. घरात बोलली जाणारी मराठी त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि खुणांची भाषा घरात कुणालाच येत नाही. चार-पाच वर्षं अशीच जातात. ताऱ्याचं नाव फार पुढची गोष्ट. 'नाव' म्हणजे काय, इथून त्या मुलाची सुरुवात असते.

फाल्गुन ते वैशाख: शौरी

होळीनंतर उत्तररात्री पूर्वेकडून शौरी वर येतो. त्यात ठळक तारा एकही नाही, त्यामुळे आकाशदर्शनात तो दोन वाक्यांत संपवतात. ७ मार्च १९६० ला नॉर्वेच्या ओलाफ हासेल यांना या तारकासमूहात एक तारा जास्तीचा दिसला. तो नवतारा होता. अचानक शेकडो-हजारो पटींनी उजळलेला, आधी दिसत नसलेला तारा.

हासेल १८९८ साली ग्रामीण नॉर्वेत जन्मले आणि जन्मतः बहिरे होते. खगोलशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हता. ते आपल्यासारखेच हौशी. त्याआधी एप्रिल १९३९ मध्ये त्यांनी एक धूमकेतूही शोधला होता. दोन सोव्हिएत निरीक्षकांनी तो स्वतंत्रपणे पाहिला, म्हणून त्याला युर्लोफ-आख्मारोफ-हासेल असं तिघांचं नाव आहे.

नवतारा शोधायला काय लागतं? आकाश पाठ असावं लागतं. सवयीच्या जागी एक ठिपका जास्तीचा आहे हे यंत्राशिवाय ओळखायचं, म्हणजे हजारो ताऱ्यांच्या जागा ओळखीच्या माणसांच्या चेहऱ्यांसारख्या ओळखीच्या असाव्या लागतात. त्यासाठी वर्षानुवर्षं नकाशे, पुस्तकं आणि इतरांची निरीक्षणं वाचायला लागतात. हासेल वाचू शकत होते. नॉर्वेने १८८१ च्या कायद्याने कर्णबधिर मुलांचं शिक्षण सक्तीचं केलं होतं. गुडरिकला जे बापाच्या पैशामुळे मिळालं, ते हासेलच्या पिढीला देशाच्या कायद्याने मिळालं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा बदल हा वाटतो.

आषाढ-श्रावण: ढग

जूनमध्ये पाऊस लागला की विदर्भातल्या दुर्बिणी पेटीत जातात. तीन-साडेतीन महिने आकाश नाही. हौशी मंडळी या दिवसांत व्याख्यानं घेतात, आरसे घासतात. भाषेबद्दल बोलायलाही हाच ऋतू बरा.

१८८० मध्ये इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षकांची एक परिषद भरली. मत देणारे जवळपास सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की बहिऱ्या मुलांना फक्त बोलायला शिकवावं, वर्गात हाताच्या खुणा नकोत. ठराव जगभर पसरला. मुंबईत कर्णबधिरांची पहिली शाळा त्याच दशकात निघाली, म्हणजे आपल्याकडचं हे शिक्षण मिलानच्या सावलीतच सुरू झालं. पुढची शंभर वर्षं कित्येक शाळांमध्ये चित्र सारखंच होतं: वर्गात ओठ वाचायचे, आवाज काढायचा, आणि खरी भाषा शिकायची ती वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून. २०१० मध्ये व्हँकुव्हरला त्याच परंपरेतल्या परिषदेने मिलानचे ठराव फेटाळले आणि खेद व्यक्त केला. मधे एकशे तीस वर्षं गेली होती.

भारतात २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेल्यांची नोंद ५० लाखांवर आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत स्वतंत्र केंद्र स्थापन झालं ते २०१५ मध्ये. २०१८ मध्ये त्याचा कोश आला तो ३,००० शब्दांचा, आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला. मुक्त विद्यालयाने ही भाषा विषय म्हणून शिकायची सोयही २०२१ मध्येच केली. म्हणजे ज्या मुलांना ही भाषा परीक्षेच्या कागदावर दिसली, ती अजून कॉलेजच्या वयाची आहेत. आपल्या शहरांमधल्या पाट्यांवर 'मूकबधिर विद्यालय' असतं. त्यातला 'मूक' हा शब्द किती चुकीचा आहे ते त्या शाळेच्या सुट्टीत फाटकाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. एवढी बडबड दुसऱ्या कुठल्या शाळेबाहेर नसते.

दहा हजार शब्दांत आकाशाच्या वाट्याला किती येणार? 'तारा', 'ग्रह', 'चंद्र' यांचं भागून जाईल. 'ययाती' अक्षरं जोडून दाखवावं लागेल, आणि अक्षरं जोडून दाखवलेलं नाव लक्षात राहत नाही. पॅरिसच्या वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ डोमिनिक प्रूस्त यांनी कर्णबधिर सहकाऱ्यांना बरोबर घेऊन फ्रेंच सांकेतिक भाषेतल्या खगोलशास्त्राच्या खुणांचा कोश केला. मराठीतही एकेकाळी हेच झालं होतं. पर्सियसला ययाती आणि लायराला स्वरमंडळ म्हणायचं कुणीतरी बसून ठरवलं, म्हणून आज आपण ते म्हणतो. खुणांच्या भाषेत ही नावं ठरवायचं काम ती भाषा जगणाऱ्यांचंच आहे. आपण फार तर आकाशातली गोष्ट सांगू शकतो.

आणि ही भाषा आकाशासाठी बोलीभाषेपेक्षा सोयीची आहे. अल्गोलचं ग्रहण मला शब्दांत सांगायला वर अर्धं पान लागलं. मावसभावाला ते व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा दोन मुठी पुरल्या, एक दुसरीभोवती फिरवायची आणि डोळ्यांसमोर आली की थांबायचं. त्याने लगेच विचारलं, मागची मूठ पुढे येते तेव्हाही थोडं मंद होत असेल ना? होतं. अगदी थोडं, डोळ्यांना न कळण्याइतकं. तो प्रश्न मला सुचला नव्हता.

भाद्रपद-आश्विन: स्वरमंडळ

गणपतीनंतर ढग फाटायला लागतात आणि संध्याकाळी डोक्यावर अभिजित चमकतो. तो ज्या तारकासमूहात आहे त्याचं मराठी नाव स्वरमंडळ, म्हणजे तारांचं वाद्य. त्यात अभिजितजवळ बीटा लायरी हा तारा आहे. साधारण तेरा दिवसांत तो मंद होऊन पुन्हा उजळतो. हाही जोडतारा, आणि हाही गुडरिकने ओळखला. तारीख होती १० सप्टेंबर १७८४. त्याच रात्री, त्याच गावात, पिगटने गरुडातला एक रूपविकारी तारा ओळखला. दोन मित्र, दोन तारे, एक रात्र.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकमेकांना ते कसं सांगितलं असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करतो. कागदावर सांगितलं असेल तर दिवसाउजेडी किंवा मेणबत्ती लावून. बहिऱ्या निरीक्षकाची खरी अडचण इथे आहे. अंधार लागतो आकाशाला, आणि उजेड लागतो भाषेला. ऐकू येणारा माणूस दुर्बिणीला डोळा लावून कानाने माहिती घेतो. ज्याची भाषा डोळ्यांत आहे त्याला एका वेळी एकच करता येतं: तारा बघायचा, नाहीतर ताऱ्याबद्दल बघायचं.

अडचण अशी मांडली की ती सोडवता येण्यासारखी दिसते. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात, पण मंद लाल उजेडाने हा सराव फारसा मोडत नाही. म्हणून टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावायचा. खुणा करायला दोन्ही हात मोकळे लागतात, तेव्हा टॉर्च हातात धरायचा नाही, गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेला टांगायचा, असा की उजेड सांगणाऱ्याच्या हातांवर पडेल. सांगायचं ते आधी, बघायचं ते नंतर, आणि विचारायचं पुन्हा उजेडात येऊन. कुणाला बोलवायचं तर खांद्याला हात लावायचा. उल्का पडल्यावर 'तो बघ' असं ओरडायचं नाही. त्या ओरडण्याने ऐकू येणाऱ्यांनाही ती कधी दिसत नाही.

आणि तिथी बदलायची. खगोलप्रेमी अमावस्या धरतात. हातांनी बोलणाऱ्यांनी पहिली बैठक शुद्ध अष्टमीच्या आसपास धरावी. चंद्राच्या उजेडात हात दिसतात, ठळक तारे आणि तारकासमूहही दिसतात, आणि चंद्रावरची विवरं दुर्बिणीतून बघायला त्याच दिवसांत सर्वांत चांगली असतात. नावं, खुणा, गोष्टी, प्रश्न, सगळं त्या चांदण्यात उरकायचं. पुढची बैठक दोन आठवड्यांनी, काळोखात, फक्त बघायला. तेव्हा बोलायची गरजच कमी असेल, कारण जे बोलायचं ते आधीच बोलून झालेलं असेल.

अशा बैठकीला ना सरकारी योजना लागते ना मोठी दुर्बीण. भारतीय सांकेतिक भाषा येणारा एक माणूस लागतो. तो बाहेरून आणायची गरज नाही. ज्यांच्यासाठी हे करायचं, त्यांच्यातच तो असतो. आकाश येणाऱ्याने त्याला आधी भेटायचं, दिवसा, चहाच्या टपरीवर, वही उघडून.

मावसभाऊ सध्या त्याच्या मित्रांच्या व्हिडिओ ग्रुपवर अल्गोलची खूण ठरवतोय. दोन खुणांवर वाद चालू आहे. एका बाजूचं म्हणणं, राक्षसाचं डोकं दाखवावं. दुसरी बाजू म्हणते, डोळा मिटून उघडल्यासारखं दाखवावं. कार्तिकात ययाती वर येईल तेव्हा त्यांना खूण तयार हवी आहे. अल्गोलचं गणित सोपं आहे. एखाद्या रात्री एक वाजता तो सर्वांत मंद दिसला, तर तीन दिवसांनी तो सव्वातीन तास आधी, म्हणजे रात्री पावणेदहाच्या सुमारास मंद होतो. वाशिमच्या कुठल्याही स्लॅबवरून, जागं राहायची तयारी असलेल्या कुणालाही ते दिसतं.